वाचक विचारतात : जादा बटणांचा माऊस घ्यावा का, आणि घ्यावा तर कोणता?

मागील अंकात कीबोर्डवरील शॉर्टकटविषयी लिहिल्यानंतर बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या भागांतून बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच वस्तूकडे आहे : अंगठ्याजवळ दोन-चार, कधी बारा बटणे असलेला आणि त्या बटणांना आपल्याला हवे ते काम नेमून देता येईल असा माऊस. बटणे किती असावीत, हे जवळजवळ सर्वांनी विचारले आहे. नेमून दिलेले काम साठते कुठे, माऊसमध्ये की संगणकात, हे मात्र एकाच वाचकाने विचारले आहे. माझ्या मते खरेदीचा निर्णय बहुतांशी या दुसऱ्या प्रश्नावर ठरतो, त्यामुळे पुढील उत्तरांत तो पुनःपुन्हा डोकावेल. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : खडेबाजार परिसरातील एका छापखान्यात मी डी.टी.पी.चे काम करतो. लग्नसराईत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतील पत्रिका एकाच दिवशी जुळवाव्या लागतात, आणि काही पत्रिका तर एकाच कागदावर दोन भाषांत असतात. विंडोज व स्पेस या कळा दाबून भाषा बदलतो, पण हमखास चुकीची भाषा येते. भाषा बदलण्याचे काम माऊसच्या बटणाला देता येईल का? दुकानदार बारा बटणांचा गेमिंग माऊस दाखवतो, तर मित्र लॉजिटेकचा एमएक्स मास्टर घे म्हणतो. यांपैकी काय घ्यावे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : भाषाबदल बटणाला देता येईल, आणि आपल्या कामात जादा बटणांचा सर्वांत मोठा उपयोग तोच होईल. मात्र आधी चूक कुठे होते ते पाहिले पाहिजे. विंडोज आणि स्पेस या कळा संगणकात बसवलेल्या भाषांमधून क्रमाने पुढे सरकतात. भाषा दोनच असत्या तर एवढ्यावर भागले असते. तीन असल्या की सध्या कोणती चालू आहे हे ठाऊक असल्याशिवाय पुढे कोणती येणार हे कळत नाही, आणि वधूवरांची नावे जुळवताना पडद्याच्या कोपऱ्यातील ते बारीक चिन्ह पाहण्याइतकी उसंत कोणाला असते! हेच क्रमाने सरकणे माऊसला नेमून दिले, तर चूक फक्त डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे जाईल.

त्यापेक्षा प्रत्येक भाषेला तिचा स्वतंत्र शॉर्टकट द्यावा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘टाइम अँड लँग्वेज’, तेथून ‘टायपिंग’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ आणि शेवटी ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ असे गेले की जुन्या धाटणीची एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात बसवलेल्या प्रत्येक भाषेची स्वतंत्र ओळ असते. ती ओळ निवडून डावा ऑल्ट, शिफ्ट आणि एक आकडा असा शॉर्टकट ठरवता येतो : मराठीला १, कन्नडला २, इंग्रजीला ३. कंट्रोल, शिफ्ट आणि आकडा असाही पर्याय तेथे दिसतो, पण तो टाळावा, कारण एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्टबरोबर १, ४ आणि ५ हे आकडे चौकटीतील संख्येचे स्वरूप बदलण्यासाठी राखलेले आहेत आणि छापखान्याची बिले बहुधा त्याच संगणकावर होत असणार. त्याच खिडकीत भाषा क्रमाने बदलणारा जो सर्वसाधारण शॉर्टकट असतो, तो ‘नॉट असाइन्ड’ करून ठेवावा, म्हणजे ऑल्ट-शिफ्टला नुसता धक्का लागून भाषा उडणार नाही. हे तीन शॉर्टकट कीबोर्डवरून नीट चालतात याची खात्री झाल्यावरच ते माऊसच्या तीन बटणांना द्यावेत. यानंतर मराठीचे बटण दोनदा दाबले गेले तरी मराठीच राहते.

येथे एक अट आहे. श्रीलिपी किंवा नुडी यांसारख्या प्रणालींतून जुने, युनिकोड (सर्व लिपींसाठीची सामाईक संकेतप्रणाली) नसलेले फॉन्ट वापरून काम होत असेल, तर भाषाबदल विंडोजच्या हाती नसतो. त्या प्रणालीत लिपी चालू-बंद करणारी जी कळ ठरलेली असते, तीच बटणाला द्यावी लागते.

दुसरी गोष्ट सावधगिरीची आहे. छापखान्याचा पत्ता किंवा ठरावीक मजकूर ‘मॅक्रो’ म्हणून, म्हणजे एका दाबात चालणारी कळांची मालिका म्हणून, बटणात भरून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. माऊसमध्ये साठवलेला मॅक्रो अक्षरे साठवत नाही, तो कळांच्या जागा साठवतो. संगणकाला तो माऊस त्या क्षणापुरता दुसरा कीबोर्डच वाटतो. त्यामुळे इंग्रजीतून बेळगावचे जुने सात अक्षरी स्पेलिंग मॅक्रोत भरले आणि बटण दाबताना मराठीची इनस्क्रिप्ट ही कीबोर्ड-मांडणी चालू असली, तर पडद्यावर ‘वातुोहस’ असे काहीतरी उमटते. कारण बी या कळीवर व, ई वर काना, एल वर त, जी वर उकार, ए वर ओकार, यू वर ह आणि एम वर स बसलेला आहे. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय लिपींना सामाईक असल्यामुळे कन्नड इनस्क्रिप्ट चालू असताना हाच गोंधळ कन्नड लिपीत उमटेल. मजकूर भरायचाच असेल तर मॅक्रोच्या आरंभी इंग्रजीचा शॉर्टकट घालावा, किंवा त्याहून बरे म्हणजे असा मजकूर कोरलड्रॉ या पत्रिका रचण्याच्या सॉफ्टवेअरच्या तयार फाइलमध्येच ठेवावा.

आता माऊसच्या निवडीकडे वळू. आपल्याला तीन भाषांची तीन बटणे आणि कोरलड्रॉसाठी दोन-तीन बटणे लागतील. कोरलमध्ये सर्व वस्तू पडद्यावर एकत्र दाखवणारी एफ ४ ही कळ आणि वस्तूची प्रत काढणारा कंट्रोल डी हे दोन शॉर्टकट माऊसवर आणण्यासारखे आहेत, कारण त्या वेळी हात माऊसवरच असतो. मजकुराचे कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांचे नुसत्या रेखाकृतींत, रूपांतर करणारा कंट्रोल क्यू मात्र अंगठ्याखाली ठेवू नये. छपाईची प्लेट करायला फाइल पाठवताना तो लागतोच. पण तो चुकून दाबला गेला आणि तशीच फाइल सेव्ह झाली, तर ‘चि. सौ. कां.’मधील एक अनुस्वार दुरुस्त करायलाही संपूर्ण ओळ पुन्हा टाइप करावी लागते.

अशा हिशेबाने पाच-सहा बटणे पुरतात. अंगठ्याखाली बारा बटणे असलेले माऊस, उदाहरणार्थ रेझरचा नागा, मुळात ज्या ऑनलाइन खेळांत डझनभर आज्ञा लागतात त्यांच्यासाठी घडवलेले असतात. त्यांची बटणे चार ओळींत दाटीने बसवलेली असतात, आणि न पाहता अंगठ्याने सातवे बटण ओळखायला पुष्कळ सराव लागतो. शिवाय वेगळी नेमणूक केली नसेल तर ती बटणे १, २, ३ असे आकडेच टाइप करतात, आणि पत्रिकेच्या कामात मुहूर्ताच्या वेळेत एखादा आकडा जास्त पडणे किती महागात जाते, हे आपल्याला सांगायला नको.

एमएक्स मास्टर हा हाताला उत्तम बसणारा माऊस आहे. २०२२ मध्ये आलेल्या ३एस या आवृत्तीत सात बटणे आणि अंगठ्याजवळ आडव्या सरकवणीचे वेगळे चाक आहे. मात्र त्याच्या बटणांच्या नेमणुका ऑप्शन्स प्लस या संगणकातील सॉफ्टवेअरवर अवलंबून असतात. छापखान्यात आपला संगणक ठरलेला असेल तर त्याची अडचण नाही. उलट कोरल उघडले की एक नेमणूक आणि इनडिझाइन उघडले की दुसरी, अशी सोय ते सॉफ्टवेअर आपोआप करते. पण तीन संगणक आणि पाळीपाळीने बसणारे दोन ऑपरेटर अशी रचना असेल, तर नेमणुका स्वतःमध्ये साठवणारा माऊस घ्यावा. लॉजिटेकचा जी ५०२ हीरो हा तारेचा माऊस त्या प्रकारचा आहे. त्यात नेमणूक करता येण्याजोगी ११ बटणे आहेत, आणि ती सर्व अंगठ्याखाली दाटलेली नसून तर्जनीजवळ, चाकाभोवती व अंगठ्याशी अशी विखुरलेली आहेत. वजन तारेशिवाय १२१ ग्रॅम, म्हणजे जरा जड आहे. छापखान्याच्या कामाला मी हा पसंत करीन. खोक्यावर ठळक छापलेल्या २५,६०० डी.पी.आय.कडे (माऊस किती बारीक हालचाल टिपतो त्याचे माप) लक्ष देऊ नये. साध्या पडद्यावर ८०० ते १६०० डी.पी.आय.मध्ये सर्व काम होते.

प्रश्न : उद्यमबागेतील एका मशिनिंग युनिटमध्ये मी ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्सवर ड्रॉइंग करतो. कंपनीच्या संगणकावर कोणतेही सॉफ्टवेअर बसवण्याची परवानगी नाही. अशा ठिकाणी हा माऊस चालेल का? नेमणूक माऊसमध्ये राहते की संगणकात?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नेमका प्रश्न विचारलात. बाजारात दोन्ही प्रकार आहेत, आणि खोक्यावर ‘ऑनबोर्ड मेमरी’ असे लिहिलेले असेल तर नेमणूक माऊसमध्ये राहते. घरच्या संगणकावर कंपनीचे सॉफ्टवेअर उतरवून घेऊन बटणे ठरवावीत, ती माऊसच्या स्मृतीत लिहावीत आणि दुसऱ्या दिवशी तोच माऊस युनिटमधील संगणकाला जोडावा. तेथे काहीही बसवावे लागत नाही, कारण संगणकाला तो साधा माऊस आणि साधा कीबोर्ड म्हणूनच दिसतो. मात्र एक मर्यादा लक्षात असू द्यावी : माऊसमध्ये साठतात त्या मुख्यतः कळा आणि कळांचे शॉर्टकट. एखादा प्रोग्रॅम उघडणे किंवा चालू प्रोग्रॅम ओळखून नेमणूक बदलणे ही कामे संगणकातील सॉफ्टवेअरचीच असतात, ती माऊसबरोबर जात नाहीत. म्हणून ऑटोकॅडसाठी एक आणि सॉलिडवर्क्ससाठी दुसरी अशा दोन प्रोफाइल (नेमणुकांचे संच) करून, त्यांच्यात अदलाबदल करण्यासाठी एक बटण राखून ठेवावे. बाहेरचा माऊस जोडण्यापूर्वी आय.टी. विभागाला तोंडी तरी विचारावे, कारण काही कंपन्या अनोळखी यू.एस.बी. उपकरणे बंद करून ठेवतात.

बटणांना काय द्यावे, याबाबत माझा अनुभव असा की कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरील ड्रॉइंगच्या कामात, इस्केप हे पहिले मानकरी आहे. दर दोन आज्ञांनंतर डावा हात कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात जातो, तो थांबतो. त्यानंतर ऑटोकॅडसाठी ऑर्थो (रेषा फक्त सरळ उभी-आडवी ठेवणारी सोय) चालू-बंद करणारी एफ ८, आणि सॉलिडवर्क्ससाठी निवडलेला पृष्ठभाग समोर आणणारा कंट्रोल ८. एंटर मात्र माऊसच्या बटणाला देण्याची गरज नाही. ऑटोकॅडच्या ऑप्शन्समधील ‘युजर प्रेफरन्सेस’मध्ये उजव्या क्लिकची एक सोय आहे : उजवे बटण झटकन दाबले तर ते एंटरचे काम करते आणि थोडे दाबून धरले तर नेहमीची यादी उघडते. ही सोय बहुतेकांनी सुरू केलेलीच नसते. सॉलिडवर्क्समध्येही उजवे बटण दाबून माऊस एखाद्या दिशेला ओढला की आज्ञा चालतात. सेटिंगमध्ये त्या १२ पर्यंत वाढवता येतात. ही दोन्ही कामे साध्या माऊसवर, पदरचा एक पैसा न घालता होतात, तेव्हा आधी ती महिनाभर वापरून पाहावीत आणि मग जे उरेल तेवढ्यासाठी बटणे मोजावीत.

कॅडसाठी माऊस निवडताना बाजूच्या बटणांपेक्षा मधल्या चाकाचे बटण अधिक महत्त्वाचे आहे, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो. ऑटोकॅडमध्ये चाक दाबून ड्रॉइंग सरकवावे लागते, तर सॉलिडवर्क्समध्ये तेच दाबून धरून भाग फिरवावा लागतो. म्हणजे दिवसभरात सर्वांत जास्त वेळ दाबून धरले जाते ते हे बटण. आडवी सरकवणीही चाकावरच असणाऱ्या काही माऊसमध्ये चाक दाबताना ते डावी-उजवीकडे कलते आणि नको ती आज्ञा जाते. दुकानात उभे राहून चाक दाबून धरावे, तसेच धरून माऊस गोल फिरवावा, आणि बोट आखडत असेल तर तो माऊस परत ठेवावा. जी ५०२चे चाक धातूचे व कलणारे आहे. काहींना ते आवडते, कॅडवाल्यांना बहुधा आवडत नाही. ऑटोकॅडमध्ये चाक दाबल्यावर ड्रॉइंग न सरकता यादी उघडत असेल, तर दोष माऊसचा नाही. एमबटनपॅन या नावाची सेटिंग ० झालेली असते, ती १ करावी.

प्रश्न : निपाणीत आमचे अडत दुकान आहे. टॅलीवर दिवसभर नोंदी असतात. एफ ८, एफ ९ आणि कंट्रोल ए हे सगळे माऊसवर घेतले तर काम वेगाने होईल असे मुलगा म्हणतो. खर्च करावा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : टॅलीसाठी करू नये. ती हिशेबाची प्रणाली मुळातच कीबोर्डवर चालण्यासाठी रचलेली आहे, आणि नोंदी घालणाऱ्याचा उजवा हात आकड्यांच्या कळांवरून उचलून माऊसवर नेणे म्हणजे वेग घटवणेच होय. एफ ८ ने विक्री आणि एफ ९ ने खरेदी उघडायला बोटभर अंतरही जावे लागत नाही. कंट्रोल ए अंगठ्याखाली ठेवणे तर धोक्याचे आहे. माऊस उचलताना बटण दाबले गेले, तर पडद्यावरची नोंद, तीत चूक असली तरी, तशीच स्वीकारली जाते आणि ती महिनाअखेरीस ताळा जुळवताना सापडते. चिरंजीवांना हौस असेलच, तर ती जीएसटीआर-२बी हा खरेदीवरील जीएसटीचा तक्ता एक्सेलमध्ये उतरवून खरेदीच्या वहीशी जुळवण्याच्या कामी लावावी. त्या रुंदच रुंद तक्त्यात आडवे सरकण्यासाठी अंगठ्याजवळचे वेगळे चाक असलेला माऊस खरोखर उपयोगी पडतो.

प्रश्न : शहापूर-वडगाव भागात मी साड्यांची जॅकार्ड डिझाइन संगणकावर काढते. फोटोशॉपमध्ये काठ आणि बुट्टी एकेका चौकोनाने रंगवावी लागते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात दुखू लागले आहे. अंगठ्याजवळ बटणे असलेला माऊस घेतल्यास आराम पडेल का?
— एक वाचिका, बेळगाव

उत्तर : ताई, आपल्या बाबतीत उलटाच परिणाम होण्याचा संभव आहे. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाकडील बाजूला दुखणे हे अंगठ्याच्या स्नायुबंधांवर वारंवार ताण आल्याचे लक्षण असू शकते. डॉक्टर त्या विकाराला डी क्वेर्वेन असे म्हणतात, आणि त्यात अंगठ्याला आणखी काम देणे बरे नव्हे. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे. दुखणे कशाचे आहे हे कळल्याखेरीज कोणताही माऊस सुचवणे योग्य होणार नाही.

कामाची रीत मात्र आजच बदलता येईल. जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच विणल्या जाणाऱ्या नक्षीच्या, डिझाइनमध्ये पडद्यावरचा एकेक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचा एकेक छेद असतो, त्यामुळे हजारो चौकोन रंगवताना बोटांच्या हालचाली पुनःपुन्हा त्याच त्या होतात. त्यांतील ज्या आज्ञांसाठी हात थांबतो त्या दोन-तीनच असतात : पुढचा आणि मागचा रंग यांची अदलाबदल करणारी एक्स, ब्रशचा आकार बदलणारे दोन चौकोनी कंस, आणि कंट्रोल झेड. ही कामे उजव्या अंगठ्याकडे देण्याऐवजी पूर्ण डाव्या हाताकडे द्यावीत. आठ-नऊ कळांचे छोटे स्वतंत्र कीपॅड मिळतात. प्रोग्रॅम करता येणारा माऊस जसा कळा पाठवतो तसेच तेही पाठवतात, आणि डाव्या हाताशी ठेवता येतात. उजव्या हाताला पेन टॅब्लेट दिल्यास माऊस घट्ट धरून ठेवण्याचा ताण जातो. रंगवण्याच्या कामाला माऊसपेक्षा पेन केव्हाही सोयीचे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हस्तांदोलनासारखा हात उभा ठेवून धरायचा माऊसही मनगटाला काहींना मानवतो. लॉजिटेकच्या एमएक्स व्हर्टिकलचा कल ५७ अंशांचा आहे, आणि लिफ्ट हा त्याच घराण्यातील माऊस लहान व मध्यम हातांसाठी आहे. ट्रॅकबॉल घेताना मात्र गोळा अंगठ्याने फिरवायचा आहे की बोटांनी, हे पाहावे. अंगठ्याने फिरवायचा ट्रॅकबॉल आपल्यासाठी नाही.

प्रश्न : मी डावखुरा आहे. अथणीत आणि सांगलीतही दुकाने पालथी घातली, पण जादा बटणांचे सगळे माऊस उजव्या हाताचेच दिसले. काय करावे?
— एक विद्यार्थी, अथणी

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. अंगठ्यासाठी खोलगट बसक केलेला माऊस डाव्या हातात धरला की सगळी बटणे करंगळीकडे जातात. दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचे माऊस शोधावेत. लॉजिटेकचा जी ३००एस तसा आहे; त्याची जादा बटणे बाजूला नसून वरच्या बाजूस, तर्जनी आणि मधल्या बोटाजवळ आहेत, आणि त्यात नेमणुका माऊसमध्येच साठतात. जी ९०३ मध्ये बाजूची बटणे काढून दुसऱ्या बाजूस बसवता येतात. रेझरने २०२० मध्ये नागाची खास डाव्या हाताची आवृत्ती काढली होती, पण ती आपल्याकडे दुकानात दिसणे दुर्मीळच. हे माऊस जुने होत चालले आहेत, तेव्हा मिळेल तेथून मागवण्यापूर्वी परत घेण्याची मुदत पाहून घ्यावी. विंडोजमध्ये मुख्य बटण उजवे करण्याची सोय आहे, परंतु नेमणुका माऊसच्या स्मृतीत साठवत असाल तर अदलाबदल एकाच ठिकाणी करावी. दोन्हीकडे केल्यास ती परस्परांना रद्द करते.

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या शाळेत विंडोजऐवजी उबंटू ही मोफत प्रणाली असलेले संगणक आहेत. या माऊसचे सॉफ्टवेअर तेथे चालत नाही असे कळले. काही मार्ग?
— एक शिक्षक, खानापूर

उत्तर : सर, कंपन्यांचे सॉफ्टवेअर बहुधा विंडोज आणि मॅकपुरतेच असते हे खरे. उबंटूवर पायपर हा मोफत प्रोग्रॅम बसवून पाहावा. तो लिबरॅटबॅग या संचाच्या आधारे चालतो आणि लॉजिटेकच्या जी मालिकेसह अनेक माऊसच्या स्मृतीत थेट नेमणूक लिहितो. खरेदीपूर्वी त्या संचाच्या यादीत आपले मॉडेल आहे का हे पाहावे. यादीत नसलेल्या माऊससाठी इनपुट रिमॅपर हा दुसरा मोफत प्रोग्रॅम आहे. तो नेमणूक संगणकात ठेवतो. जाता जाता विंडोज वापरणाऱ्या वाचकांसाठीही सांगतो : आपल्या साध्या माऊसला अंगठ्याजवळ मागे-पुढे जाण्याची दोन बटणे असतील, तर एक्स-माऊस बटन कंट्रोल या मोफत प्रोग्रॅमने त्यांना हवे ते काम देता येते, आणि तेही प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळे. विंडोज स्वतः पाचच बटणे ओळखते, त्यापलीकडची बटणे या मार्गाने हाती लागत नाहीत.

प्रश्न : गेममध्ये एका बटणाने तीन-चार क्रिया होतील असा मॅक्रो ठेवला तर चालतो का?
— एक विद्यार्थी, चिक्कोडी

उत्तर : एकट्याने खेळायच्या खेळात हरकत नाही. इतरांविरुद्ध खेळताना नियम पाहावेत. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ऑगस्ट २०२४ पासून, एका दाबात अनेक हालचाली आपोआप करून देणाऱ्या सोयी वापरणाऱ्याला अधिकृत सामन्यातून बाहेर काढले जाते. एका बटणाला एक कळ, एवढी नेमणूक सहसा कोठेही आक्षेपार्ह ठरत नाही.

प्रश्न : जांबोटी भागात पावसाळ्यात घरात सतत ओल असते. दोन वर्षांपूर्वी घेतलेला महागाचा माऊस आता एका दाबाला दोनदा क्लिक करतो आणि त्याचे रबरी आवरण चिकट झाले आहे. यंदा नवा घेताना काय पाहावे?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : दोन्ही दोष ओळखीचे आहेत. बटणाखालच्या छोट्या स्विचमध्ये धातूची एक पातळ पट्टी असते; ती झिजली किंवा तिच्यावर पुटे चढली की स्पर्श स्थिर राहत नाही आणि एका दाबाचे दोन दाब मोजले जातात. दमट हवा या प्रकाराला हातभारच लावते. विंडोजमधील डबल क्लिकचा वेग बदलून हे सुधारत नाही. नवा घेताना प्रकाशकिरणाने दाब ओळखणारे ऑप्टिकल स्विच असलेला माऊस पाहावा. लॉजिटेकच्या २०२२ मधील जी ५०२ एक्समध्ये आणि रेझरच्या बऱ्याच माऊसमध्ये ते आहेत. मात्र ते मुख्य दोन बटणांनाच असतात. बाजूच्या जादा बटणांना बहुधा साधेच स्विच लावतात, म्हणून रोज सर्वाधिक लागणारे काम बाजूच्या एकाच बटणावर लादू नये.

मऊ रबरी लेप दिलेला माऊस आपल्याकडच्या पावसाला टिकत नाही. दमट हवेत त्या लेपाचे हळूहळू विघटन होते आणि तो बोटांना चिकटू लागतो. पुसल्याने तात्पुरतेच बरे वाटते. म्हणून खरखरीत साध्या प्लास्टिकचा माऊस घ्यावा. बिनतारी घेणार असाल तर त्याचा छोटा रिसीव्हर संगणकाच्या मागच्या निळ्या यू.एस.बी. ३ छिद्रात, बाहेरच्या हार्ड डिस्कशेजारी लावू नये. त्या जोडणीतून निर्माण होणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो आणि बाण अडखळत चालतो. हातभर यू.एस.बी. वायर लावून रिसीव्हर टेबलावर आणला की बहुधा काम भागते.

सध्याचा माऊस टाकून देण्यापूर्वी वॉरंटी उरली आहे का ते पाहावे, कारण काही मॉडेलना ती दोन वर्षांची असते. वॉरंटी संपली असेल तर मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या एखाद्या कसबी माणसाला दाखवावे. ओमरॉन कंपनीच्या डी २ एफ मालिकेतील तीन पायांचा स्विच बहुतेक माऊसना बसतो, आणि जुना काढून नवा डाग देऊन बसवणे अवघड नाही. फक्त माऊस उघडण्याचे स्क्रू तळाच्या चिकट पट्ट्यांखाली दडलेले असतात, तेव्हा त्या पट्ट्यांचा नवा जोड आधीच मागवून ठेवावा.